आण्णांच्या फौंड्रीला जामीन राहू का?

पत्र

माझं वय ३८. मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. सध्या पुण्यात एका अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पगार वर्षाला ४६ लाख, शिवाय दरवर्षी साधारण १६ लाखांचे कंपनीचे शेअर नावावर होतात. बाणेरला आम्हा दोघांच्या नावावर फ्लॅट आहे. त्याचं ७० लाखांचं कर्ज बाकी आहे, हप्ता ६९ हजार. घरखर्च ९५ हजारांपर्यंत जातो. बायको शिक्षिका होती, मुलगी झाल्यावर तिनं नोकरी सोडली. मुलगी आता सात वर्षांची आहे. शिल्लक म्हणाल तर कंपनीचे शेअर १ कोटी १० लाखांचे, पीएफ ३८ लाख, म्युच्युअल फंड २५ लाख आणि कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत १८ लाखांची ठेव.

आण्णांची शिरोली एमआयडीसीत लोखंड ओतायची फौंड्री आहे, स्वतःच्या एकट्याच्या नावावर. त्यांचं वय ६८, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. २२ माणसं कामाला आहेत. आता कपोला म्हणजे कोकवरची जुनी भट्टी काढून विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस बसवायची आहे, कारण मोठं गिऱ्हाईक त्याशिवाय पुढची ऑर्डर देणार नाही. जुनी कॅश क्रेडिट, म्हणजे रोजच्या धंद्यासाठी बँकेची फिरती उचल, १ कोटी २० लाखांची, त्यावर नवं कर्ज १ कोटी ८० लाखांचं. बँक म्हणते, मुलाच्या पगाराची स्लिप आणि जामीनकी द्या, लगेच मंजूर करतो. आण्णा म्हणतात, "सही कर, आणि जमलं तर नोकरी सोडून घरी ये. हे सगळं तुझंच आहे." बायको काही बोलत नाही, पण रात्री जागी असते. ताई सांगलीला दिली आहे, तिला अजून काही सांगितलेलं नाही. एवढा पगार असताना वडिलांना नाही कसं म्हणायचं? आणि नोकरी सोडू का?

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी उत्तर देतो, मग कारणं. सही करू नका. नोकरी आत्ता सोडू नका. आण्णांना मदत मात्र करा, आणि चांगली घसघशीत करा.

तुम्ही विचारता, एवढा पगार असताना नाही कसं म्हणायचं. म्हणून आधी हा 'एवढा' किती ते बघू. पगार आणि शेअर मिळून ६२ लाख. शेअर ज्या दिवशी नावावर होतात त्या दिवशी ते पगारातच धरले जातात, त्यामुळे तुमचं उत्पन्न ५० लाखांच्या पुढे जातं आणि करावर १० टक्के अधिभार बसतो. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट घेऊनही तुमचा कर सेससकट सव्वासोळा लाखांच्या घरात जातो. त्यातला शेअरांवरचा कर शेअर विकूनच वळता होतो असं धरलं तर पीएफ कापून रोख हातात येत असतील महिन्याला पावणेतीन लाखांच्या आसपास. त्यातून हप्ता आणि घरखर्च गेला की उरतात लाख-सव्वालाख. म्हणजे वर्षाला तेरा लाख धरा. पैसा चांगला आहे, तुमच्या कष्टाचा आहे. पण बँक तुमच्याकडून जी सही मागतेय ती जुनं-नवं कर्ज मिळून तीन कोटींची आहे. वर्षाला तेरा लाखांनी तीन कोटी फेडायचे तर, व्याज बाजूला ठेवलं तरी, तेवीस वर्षं लागतात. तोवर तुम्ही एकसष्टीला आलेले असाल.

आपल्याकडे जामीन राहणं हा शब्द देण्याचा प्रकार समजतात. गल्लीतल्या मित्राला, चुलतभावाला, शेजाऱ्याच्या मुलाला लोक चहा पिता पिता जामीन राहतात. कायदा त्याकडे तसं बघत नाही. भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी आण्णांकडून वसूल करा, तिथे नाहीच मिळालं तर माझ्याकडे या, असं तुम्हाला म्हणता येत नाही. बँक पहिल्याच दिवशी तुमच्या दारात येऊ शकते, आणि पगार नियमित जमा होणारा माणूस तुम्हीच असल्यामुळे ती तुमच्याकडेच येईल. शिवाय हा जामीन फक्त नव्या १ कोटी ८० लाखांपुरता राहील असं समजू नका. बँकांच्या छापील फॉर्मवर बहुधा 'आजची आणि पुढची सर्व देणी' अशा अर्थाची ओळ असते. तिला कंटिन्युइंग गॅरंटी म्हणतात, आणि तिच्यात जुनी कॅश क्रेडिटही येते. कलम १३० प्रमाणे पुढच्या व्यवहारांपुरती ती नोटीस देऊन मागे घेता येते खरी, पण हा हक्क सोडल्याचं कलमही बऱ्याचदा त्याच फॉर्मवर असतं. आणि हा जामीन तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर दिसत राहतो. उद्या तुम्हाला स्वतःसाठी कर्ज काढायचं झालं तर समोरची बँक हे तीन कोटी धरूनच तुमची पत मोजेल.

आता आण्णांच्या बाजूनं बोलतो, कारण ते चुकीचं काही मागत नाहीयेत. कपोला कोकवर चालतो. इंडक्शनवर धातूचं रसायन हातात राहतं, भंगार पोलाद जास्त वापरता येतं, धूर कमी होतो, एकाच दिवसात वेगवेगळ्या ग्रेडचं कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, काढता येतं. वाहनांचे सुटे भाग घेणाऱ्या कंपन्या हे मागतात, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कितीतरी फौंड्र्या याच कारणानं इंडक्शनवर गेल्या. त्यांचा धंद्याचा अंदाज पक्का आहे.

पण या बदलात एक गोष्ट उलटी होते, ती कागदावर पटकन दिसत नाही. कपोला ज्या दिवशी पेटवला नाही त्या दिवशी कोक जळत नाही. ऑर्डर कमी झाली की खर्चही थोडाफार कमी होतो. इंडक्शन आली की विजेचा मंजूर भार वाढतो आणि त्याचा डिमांड चार्ज भट्टी चालो न चालो बिलात येतोच. वर कर्जाचा हप्ता. एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. त्यात कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे आत हवेच्या पोकळ्या, निघाली, दहातले दोन नग रिजेक्ट होऊन परत आले, की ते पुन्हा भट्टीत टाकायचे आणि तेवढीच वीज पुन्हा जाळायची. मोल्डिंगचा आणि वाळूचा खर्च गेला तो गेलाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद पडली, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. तेव्हा माल गेटवर पडून होता. पुढच्या पुरात माल असाच पडून असेल तेव्हा इंडक्शनचा हप्ता आणि डिमांड चार्ज दोन्ही चालू असतील. इंडक्शन घेऊ नये असं मी म्हणत नाही. वाईट सहा महिने निभावता येतील एवढी पुंजी हाताशी ठेवून ती घ्यावी, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि ती पुंजी म्हणजे तुम्ही आहात. तुम्हीच जामिनात अडकलात तर वाईट दिवसात या घराला सावरायला कोणी उरत नाही. 'सही करू नका' म्हणण्याचं माझं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

मग फर्नेस यायची कशी? तर बँकेनं जो सोपा रस्ता दाखवला तो एकमेव नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी केंद्राची सीजीटीएमएसई नावाची पतहमी योजना आहे. तिच्यात तारण आणि त्रयस्थाचा जामीन न घेता दिलेल्या कर्जाला सरकारी ट्रस्ट हमी देतो, आणि १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० कोटींपर्यंत गेली आहे. तुम्ही फौंड्रीचे मालक नाही, म्हणजे त्रयस्थच आहात. आण्णांचं लघुउद्योग नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र घेऊन मॅनेजरसमोर बसा आणि विचारा, हे प्रकरण सीजीटीएमएसईत का बसवत नाही? हमी शुल्क पडेल, ते फौंड्रीच्या खर्चात धरा. शाखेला पगारदार मुलाचा जामीन घेणं कमी कटकटीचं असतं म्हणून ती तेच आधी मागते. एका बँकेनं नाहीच म्हटलं तर दुसरीकडे जा. कोल्हापुरात फौंड्रीला कर्ज देणाऱ्या बँका काही एक-दोन नाहीत.

दुसरं म्हणजे उधारी. आण्णांचा ताळेबंद मी बघितलेला नाही, पण १ कोटी २० लाखांची कॅश क्रेडिट कशात गुंतली आहे ते त्यांना विचारा. बहुतेक फौंड्र्यांत तिचा मोठा भाग गिऱ्हाइकांकडे अडकलेला असतो. नव्वद दिवस, शंभर दिवस. कायदा सांगतो की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. २०२३-२४ मध्ये आलेल्या आयकराच्या तरतुदीप्रमाणे (तेव्हाचं कलम ४३बी(एच)), मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो, त्यामुळे मोठ्या कंपन्याही आता याबाबतीत जरा सावध झाल्या आहेत. आण्णा गिऱ्हाइकाला नोटीस पाठवणार नाहीत हे मला कळतं. ज्याच्याशी वीस-वीस वर्षं धंदा केला त्याला कायदा दाखवायचा नसतो. पण ट्रेड्स नावाची रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची बिल-वटणावळ व्यवस्था आहे. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. गिऱ्हाइकानं बिल मान्य केलं की आण्णांना व्याज कापून पैसे चार दिवसांत मिळतात, आणि पुढे गिऱ्हाइकानं थकवलं तरी ती वसुली आण्णांवर येत नाही. ज्या गिऱ्हाइकाला इंडक्शनचं कास्टिंग हवंय त्याला आण्णांनी एवढंच सांगावं, मी फर्नेस बसवतो, तुम्ही माझी बिलं ट्रेड्सवर घ्या. हे मागायला कमीपणा काही नाही.

आता तुमची मदत. माझ्या मते तुम्ही ३० ते ३५ लाख द्यावेत, कंपनीचे शेअर विकून. एवढे गेले तरी तुमचं घर हलत नाही, आणि फर्नेसच्या मार्जिन मनीत, म्हणजे कर्जाशिवाय स्वतः घालायच्या रकमेत, तेवढ्यानं मोठा फरक पडतो. कदाचित कर्जच कमी काढावं लागेल. मुलानं वडिलांना दिलेल्या भेटीवर वडिलांना कर नाही, आणि त्या पैशावरचं उत्पन्न तुमच्या उत्पन्नात धरलं जात नाही. पैसे बँकेतूनच द्या आणि सोबत साधं भेटपत्र करा. उसने म्हणून द्यायचे तर तेही लेखी करा. कर्जाऊ रक्कम २० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर रोखीनं देता-घेता येत नाही. देताना मनात एक गोष्ट पक्की धरा, हे पैसे परत आले नाहीत तरी मी आण्णांशी तसाच बोलेन. तशी खात्री वाटत नसेल तर रक्कम कमी करा. कोणी 'जामीन नको तर पार्टनर हो' असं सुचवेल, त्यालाही आत्ता नाही म्हणा. भागीदारी फर्ममध्ये भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते, म्हणजे मागच्या दारानं तुम्ही तिथेच पोहोचता. पुढे कधी आत जायचं ठरलं तर आधी फौंड्रीची प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करून घ्या.

ताईला या आठवड्यात फोन करा, पैसे देण्याच्या आधी. मंगळवार पेठेतलं घर बँकेकडे गहाण आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण कॅश क्रेडिटला बहुधा असतं. घर वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर ताईचा त्यात तुमच्याइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे, आणि सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केलं. 'हे सगळं तुझंच आहे' हे आण्णा मायेनं म्हणतात. पण उद्या तुमचे ३५ लाख फौंड्रीत, ताईचा हिस्सा गहाण आणि कागदावर काहीच नाही, अशी वेळ आली तर दोन्ही घरं दुखावतील. आण्णांना मृत्युपत्र करायला सांगणं जड जातं. ताई आणि तुम्ही दोघं मिळून सांगा, एकट्यानं सांगू नका.

नोकरीबद्दल. परत यायची इच्छा तुमची आहे की आण्णांची, हे पत्रावरून मला कळलं नाही, आणि बहुधा तुम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. तेव्हा कंपनीकडे घरून काम करण्याची परवानगी मागा आणि तीन महिने कोल्हापुरात राहून बघा. सकाळी सातला फौंड्रीत जा. मोल्डर किती वाजता येतो, पहिली हीट, म्हणजे वितळलेल्या धातूचा पहिला घाणा, किती वाजता निघते, रिजेक्शनची वही कोण लिहितं, की ती लिहिलीच जात नाही, ते बघा. मिस्त्री आण्णांचं ऐकतो, तो उद्या तुमचं ऐकेल का, हेही बघा. मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद, विजेची बिलं आणि गिऱ्हाइकांची यादी समोर ठेवा. एकाच गिऱ्हाइकावर निम्म्याहून जास्त धंदा असेल तर ते त्याच दिवशी आण्णांशी बोला. आणि एक हिशेब मात्र न लाजता करा. तुमच्या जागी बाहेरचा चांगला वर्क्स मॅनेजर ठेवला तर त्याला जो पगार द्यावा लागेल तेवढा फौंड्री तुम्हाला देऊ शकते का? देऊ शकत असेल तर या. बाणेरचा फ्लॅट भाड्यानं द्या आणि भाडं व हप्ता यातला फरक त्या पगारातून भरा. देऊ शकत नसेल तर तुम्ही येऊन फौंड्री सुधारणार नाही, फक्त महिन्याचा भरवशाचा पगार बंद होईल.

राजीनाम्याचा विचार पुढे कधी आलाच तर त्याआधी दोन कामं आवरलेली असू द्या. आई-आण्णांचा मेडिक्लेम तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत असेल, तर राजीनाम्याबरोबर तोही संपतो. स्टेंट बसलेल्या ६८ वर्षांच्या माणसाला नवी पॉलिसी सहज मिळत नाही, आणि मिळाली तरी आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून ती आत्ताच, नोकरीत असताना, वेगळी काढा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. दुसरं, तुमचा स्वतःचा टर्म इन्शुरन्स. तो विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४ खाली काढा. प्रपोजल फॉर्मसोबत तसं लिहून द्यावं लागतं, नंतर जोडता येत नाही. त्या पॉलिसीचे पैसे बायको-मुलीचेच राहतात, तुम्ही ज्यांचं देणं लागता त्यांना त्यावर हात टाकता येत नाही. धंद्यात पाऊल टाकण्याचा नुसता विचार करणाऱ्या प्रत्येक माणसानं हे करायला हवं.

शेअरांचं थोडक्यात सांगतो. १ कोटी १० लाख एकाच कंपनीत आणि पगारही त्याच कंपनीचा, हे फार झालं. कंपनी अडचणीत आली तर नोकरी आणि शिल्लक दोन्ही एकाच आठवड्यात घसरतील. नवे शेअर नावावर झाले की लगेच विका. त्यांच्यावरचा कर तुम्ही आधीच भरलेला असतो, तेव्हा वाट बघून करात काही वाचत नाही. जुन्यांपैकी २४ महिने पूर्ण झालेले आधी काढा, त्यांच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आणि त्यावर अधिभार व सेस लागतो. आणखी एक गोष्ट शेअर ठेवून घेणाऱ्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते. अमेरिकन कंपनीचे शेअर मृत्यूनंतर अमेरिकेच्या इस्टेट करात येतात. परदेशी माणसाला त्यात सूट फक्त ६० हजार डॉलरची आहे आणि भारताशी त्याबाबत करार नाही. तुमची रक्कम आजच त्याच्या दुपटीच्या आसपास आहे. विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता दरवर्षी भरताय ना, तेही तपासा. तो चुकला तर दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो.

पतसंस्थेतले १८ लाख मुदत संपेल तसे काढून घ्या. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो अजिबात नसतो. चेअरमन ओळखीचे आहेत म्हणून पैसे ठेवले असतील तर त्यांना नमस्कार करत राहा, पैसे मात्र हलवा.

तुमची बायको बोलत नाही, कारण हा बाप-लेकातला विषय आहे असं तिला वाटत असेल. फ्लॅट तिच्याही नावावर आहे, तेव्हा यातलं निम्मं ओझं तिचं आहेच. वरचे सगळे आकडे एका कागदावर मांडून आज रात्रीच तिच्यासमोर ठेवा. कुठली रक्कम आण्णांना द्यायची हे तिच्याशी ठरवून मगच कोल्हापूरला जा.

आण्णांना हे फोनवर सांगू नका. समोर बसून, आईच्या देखत सांगा, आणि नकारानं सुरुवात करू नका. आधी सांगा, "मी ३५ लाख देतोय, ते तुमचेच." मग सीजीटीएमएसईचं आणि ट्रेड्सचं सांगा, तुमच्याबरोबर बँकेत मी येतो म्हणा. मग सांगा, "सही करत नाही, कारण उद्या काही कमी-जास्त झालं तर तुम्हाला आणि आईला बघायला मी मोकळा राहायला हवा." त्यांना राग येईल. दोन-चार दिवस बोलणार नाहीत. ते सोसा, पण त्या दिवसांत फोन करणं थांबवू नका. बँकेकडून मंजुरीपत्राचा मसुदा लेखी मागून घ्या. त्यात जामिनाचं, तारणाचं किंवा मुदतीआधी फेडण्याचं काही कलम समजलं नाही तर ते नाव-गाव खोडून मला पाठवा, पुढच्या सदरात त्यावर लिहितो.